समाधानाचे दहा गुण कमी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
जीवन-समाधान सर्वेक्षण व समुपदेशन प्रकल्प,
जिल्हा कार्यालय, बुलढाणा.

अर्जदार : सौ. सुचिता हर्षल वायाळ, वय २६, धंदा घरकाम व घरची शेती, रा. खैरदरी (बाजारगाव अमडापूर), ता. चिखली, जि. बुलढाणा.

विषय : मौजे खैरदरी येथील सर्वेक्षणात अर्जदाराच्या नावे लागलेले समाधानाचे दहापैकी दहा गुण कमी करणे, व गावच्या आरोग्य उपकेंद्रातील गुरुवारची समुपदेशनाची खोली पुन्हा उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेले आपल्या कार्यालयाचे पत्र. (त्यावर रंगकामाचा चुना उडाल्यामुळे जावक क्रमांक वाचता येत नाही. मजकूर वाचता येतो.)

महोदय,

१. अर्जदार वरील पत्त्यावर सासरे उत्तमराव, सासू मनकर्णाबाई, पती हर्षल व साडेतीन वर्षांचा मुलगा प्रेम यांच्यासह राहते. घरी शेती आहे, म्हैस आहे, डोक्यावर स्लॅब आहे. खाण्यापिण्याचा तोटा नाही. घरात कोणी पीत नाही, कोणी हात उचलत नाही. हे आधीच लिहिण्याचे कारण असे की, हा अर्ज वाचून आपल्या कार्यालयातून कोणी चौकशीला आल्यास त्यांनी घरच्या माणसांकडे संशयाने पाहू नये. अर्जदाराची तक्रार घरच्यांविरुद्ध नाही. तक्रार फक्त गुणांबद्दल आहे.

२. गेल्या सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, आपल्या प्रकल्पातर्फे समता मॅडम गावात आल्या. मॅडम म्हणजे कॉलेजात शिकणारी मुलगीच. खांद्याला बॅग, हातात टॅब, आणि उन्हाने नाकाची साल निघालेली. सोंगणीत दिवसा गावात बाई सापडत नाही. शेताच्या वाटा त्यांना माहीत नव्हत्या व दाखवायला कोणी मोकळे नव्हते. म्हणून त्या बिचाऱ्या दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून राहिल्या, आणि बाया घरी परतल्या तशा दारोदार फिरू लागल्या. कोणी त्यांना हाकलले नाही. प्रत्येक घरात चहा झाला. त्यांच्या कामात कसूर होती असे अर्जदाराचे म्हणणे नाही. परंतु त्या आल्या ती वेळ दिवेलागणीची होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

३. आपण बहुधा शहरात वाढला असाल, म्हणून खुलासा करणे भाग आहे. आमच्याकडे दिवा लावायच्या वेळी घरात वाईट शब्द काढत नाहीत. त्या घटकेला वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते. घरात जे बोलाल त्याला ती ‘तसेच होवो’ म्हणून मोकळी होते. त्यामुळे त्या वेळी रिकाम्या डब्याला रिकामा म्हणत नाहीत, दुखणाऱ्या कमरेला दुखते म्हणत नाहीत. एरवी लेकराला ‘मर तिकडं’ म्हणून रागावणारी बाईसुद्धा तेवढा वेळ ओठ आवळून बसते. अर्जदार लग्न होऊन नवीनच आली होती तेव्हा दिव्याच्या वेळी ‘मी तं थकून मेली’ असे बोलून गेली. मनकर्णाबाईंनी धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या हातात राग नव्हता. तिळाच्या तेलाचा वास होता.

४. अशा वेळी समता मॅडम आमच्या ओसरीत बसल्या. तुळशीपुढे दिवा नुकताच लागला होता. उत्तमराव खाटेवर होते, हर्षल दारात टेकून उभे होते, प्रेम अर्जदाराच्या मांडीवर होता. मॅडमनी टॅबवर शिडीचे चित्र दाखवले. शिडीला दहा पायऱ्या. त्या म्हणाल्या, “मावशी, सगळ्यात वरची पायरी म्हणजे ज्याच्यापेक्षा चांगलं आयुष्य असूच शकत नाही असं. सगळ्यात खालची म्हणजे अगदी वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभ्या आहात?”

मनकर्णाबाईंनी आधी दिव्याकडे पाहून हात जोडले, मग म्हणाल्या, “दहा लिव बाई. आमच्या घरात काईच कमी नाही.”

मॅडमनी बोट दाबले आणि अर्जदाराकडे वळल्या. “आणि ताई, तुम्ही?”

मनकर्णाबाईंनीही अर्जदाराकडे पाहिले. त्या पाहण्यात धाक नव्हता. चुलीजवळ रांगणाऱ्या लेकराकडे पाहावे तशी काळजी होती. अर्जदार म्हणाली, “दहा.”

“दोघी दहा. भारीच घर आहे तुमचं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी मनापासून म्हटले. त्यानंतर त्यांनी विचारले की मुले किती. अर्जदार म्हणाली, “एक.” त्याचा खुलासा पुढे येईल.

५. शेजारीपाजारीही असेच झाले, हे अर्जदाराने नंतर स्वतः विचारून पाहिले आहे. सुभद्राबाई एकट्या राहतात, दोन्ही लेक पुण्याला कंपनीत, दिवाळीलाही येणे होत नाही. त्यांनी सांगितले, “म्या म्हटलं, पोरी, मले शिडीवर नोको चढवू, गुडघे काम करत नाहीत. तं ते हसली. म्हणे मावशी खरोखर नाही चढाचं, नुसतं सांगाचं. मंग फुकटच हाय तं वरच बसव म्हटलं.” हे ऐकून जमलेल्या बाया पोट धरून हसल्या. सुभद्राबाईही हसल्या. परंतु महोदय, त्या सकाळी एक कप चहा करतात आणि सवयीने दुसरा कप बाजूला काढून ठेवतात, हे अर्जदाराने पाहिलेले आहे. त्यांनाही दहा लागले.

गल्लीच्या टोकाला शाहजादीभाबी राहतात. त्यांचे मालक कय्यूमभाई गाद्या भरतात. त्यांच्याकडे वास्तू तथास्तु म्हणत नाही, पण मॅडम पोहोचल्या ती मगरिबच्या नमाजाची, म्हणजे दिवेलागणीचीच वेळ होती. भाबींनी डोक्यावर ओढणी घेऊन सांगितले, “अल्लाह का शुक्र है.” मॅडमनी विचारले, शुक्र म्हणजे किती? भाबी म्हणाल्या, “शुक्र में कम-ज्यादा क्या होता बेटा, पूरा लिखो.” त्यांच्या धाकट्या मुलीची, आसमाची, सोयरीक दुसऱ्यांदा मोडून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पण बाहेरच्या माणसापुढे रडगाणे गायले तर ती नाशुक्री, म्हणजे देवाशी कृतघ्नपणा होतो. त्यांनाही दहा.

अर्जदाराचे म्हणणे असे की, यातली एकही बाई खोटे बोललेली नाही. मॅडमनी विचारले, आयुष्य कसे आहे. बायांनी सांगितले, आयुष्य कसे असावे. त्या वेळी आमच्याकडे तेवढेच बोलता येते.

६. प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. आपण स्वतः आला होता. खैरदरीला तालुक्यातले सर्वांत समाधानी गाव म्हणून फलक मिळाला. सरपंचांना शाल-श्रीफळ झाले. आपण भाषणात म्हणालात की, या गावाला समुपदेशनाची गरज उरलेली नाही, उलट या गावाच्या महिलांनीच इतरांना समुपदेशन करावे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या, कारण प्रेमला टाळ्यांचा नाद आहे व तो तिचेच हात धरून वाजवतो. टाळ्या वाजवत असताना आपण काय म्हणालात त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला नाही. तो पुढच्या गुरुवारी आला, उपकेंद्राच्या मागच्या खोलीला कुलूप पाहून.

७. त्या खोलीविषयी लिहिणे जरुरीचे आहे, कारण आपल्या कागदांत तिचे नाव ‘समुपदेशन कक्ष’ असे असेल आणि त्यावरून आपणास काहीच कळणार नाही. ती लसीकरणाची खोली आहे. भिंतीवर बाळाच्या वाढीचा तक्ता, कोपऱ्यात लसीचा डबा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडकीला जुन्या साडीचा पडदा. दर गुरुवारी तिथे आपल्या प्रकल्पाच्या समुपदेशक संजीवनी मॅडम येऊन बसत. पोळ्यानंतर त्यांचे येणे सुरू झाले.

मन दुखते म्हणून दवाखान्यात जाते, असे सांगून घरातून निघण्याची आमच्याकडे रीत नाही. म्हणून अर्जदार प्रेमचे वजन करायला जायची. इतक्यांदा वजन केले की आशा सेविका सिंधूताई एक दिवस काट्याजवळ म्हणाल्या, “काय वं सुचिता, लेकरू हाय का सोनं? किती तोलशीन?” परंतु त्यांना कळले होते. त्यानंतर अर्जदार दिसली की त्याच प्रेमला उचलून बाहेर न्यायच्या, “चाल रे पठ्ठ्या, कोंबड्या मोजू,” म्हणत.

पहिल्या गुरुवारी अर्जदार नुसती बसून आली. दुसऱ्या गुरुवारी मॅडमनी विचारले, मुले किती? ती सवयीने म्हणाली, “एक.” बाहेर प्रेम कोंबड्यांमागे धावत होता, त्याचा आवाज येत होता. मग अर्जदार म्हणाली, “दोन.” लग्न झाल्यापासून इतका अवघड शब्द तिने उच्चारला नव्हता.

८. महोदय, खुलासा असा. गेल्या उन्हाळ्यात अर्जदाराला मुलगी झाली होती. ती बारशाच्या आत गेली. छातीत काही कमी होते, डॉक्टरांनी चित्र काढून समजावले, त्यात कोणाचीही चूक नव्हती. बाराव्या दिवसाचा पाळणा बांधायला हर्षलने साखळी आणून ठेवली होती, ती परत करून आले. अर्जदार बाळंतीण असल्यामुळे तिला सोबत नेले नाही. मुलीला कुठे मातीत ठेवले ते अर्जदाराला कोणी सांगितले नाही. शेताच्या नाल्याकडची बाजू असावी, कारण उत्तमराव तिकडे आता म्हैस चारायला नेत नाहीत.

नाव ठेवायच्या आत गेली, त्यामुळे तिच्याविषयी बोलायचे कसे हे घरात कोणालाच सुचत नाही. ‘ते’ म्हणतात. ‘ते झालं तेव्हा’ म्हणतात. हर्षल अमडापूरला बियाण्याच्या दुकानात कामाला आहेत, स्वभावाने गरीब आहेत. ते एकदा म्हणाले, “जिचं नावच नाही तिची आठवण किती काढशीन?” ते दुखवायला म्हणाले नाहीत. त्यांनी खरोखर विचारले.

त्या मागच्या खोलीत मात्र ती मुलगी होती. तिचे केस दाट होते व कपाळावर उतरले होते. ती दूध पिताना एक डोळा उघडा ठेवायची, जणू कोणी घाई करतेय. प्रेमने तिच्या मुठीत शेंगदाणा कोंबला होता आणि तिने तो घट्ट धरला होता. हे सगळे अर्जदाराने तिथे सांगितले. जगात दुसरी कोणतीही जागा नाही जिथे हे सांगता येईल. संजीवनी मॅडम कोणी बोलत असताना काही लिहीत नसत. एकदा म्हणाल्या, “मूठ घट्ट होती म्हणजे ताकद होती पोरीत.” अर्जदाराला ते वाक्य घरी आणताना असे वाटले की ओच्यात काही तरी घेऊन चालली आहे आणि सांडू द्यायचे नाही.

९. कुलूप पाहून अर्जदाराने आपल्या कार्यालयास फोन केला. तिथल्या कारकून बाबूजींनी नीट ऐकून घेतले. म्हणाले, “ताई, सरासरी कमी आली त्या गावाला गुरुवार दिला. तुमच्या गावाची साडेनवाच्या वर आहे.” अर्जदाराने म्हटले, मग माझे गुण कमी करा. ते हसले. “लोक गुण वाढवून मागायला येतात. कमी करायचा नमुना आमच्याकडे नाही. तुम्ही अर्ज द्या, साहेब बघतील.” त्यावरून हा अर्ज.

तो एका बैठकीत लिहिलेला नाही. वरण शिजेपर्यंत एक कलम, प्रेमचा डोळा लागला की दुसरे, असे करत लिहिला आहे. एका जागी शाई वेगळी आहे. एका जागी प्रेमने रेघ ओढली आहे, तिला खाडाखोड समजू नये.

१०. अर्जदाराची नणंद काजल शेजारच्या गावी दिली आहे. गुरुवार आता त्याच गावाला गेला आहे. तिने फोनवर सांगितले, “वहिनी, आमच्याकडं ते पोरगी सकाळीच आली होती. आमी विहिरीच्या मोटारीवर धुणं धुऊन राह्यलो होतो. म्हणे पायरी सांगा. मी म्हटलं, दोन. माह्या सासूनं तर एकच सांगितली आन् वरून म्हणे, तेबी तुटेल हाय.” काजल सुखात आहे, महोदय. तिची सासूही सुखात आहे. सकाळी, उघड्यावर, हातात साबण असताना बाया थोडे जास्तच बोलतात. त्या गावाचा गुरुवार काढून घ्यावा असे मात्र अर्जदाराचे मुळीच म्हणणे नाही. तिथेही कोणी तरी प्रेमसारखे लेकरू काट्यावर बसवत असेल.

११. आता आपण विचाराल की, दहा नव्हते तर किती होते. अर्जदाराने यावर बराच विचार केला व तिला उत्तर सापडले नाही. समता मॅडमनी शिडीनंतर विचारले होते, काल तुम्ही हसलात का. अर्जदार हसली होती. प्रेमने उत्तमरावांचा चष्मा म्हशीच्या शिंगाला अडकवला आणि उत्तमराव सगळ्या घरात चष्मा शोधत फिरले, म्हैस त्यांच्यामागे मान हलवत. अर्जदार इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. ते हसणे खरे होते. आणि हसता हसता छातीत दूध उतरल्यासारखे झाले, तेही खरे होते, दूध आटून महिने झाले असताना. तर शिडीवर एक पाय कुठे व दुसरा कुठे असे लिहायला जागा नव्हती. ज्या विद्वानांनी ही शिडी तयार केली त्यांना बहुधा माणूस एकाच पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभा असतो असे दिसले असेल.

फळ्यावरच्या पत्रात लिहिले आहे की समाधान म्हणजे आपल्या आयुष्याविषयी आपले स्वतःचे मत. मत विचारायचे तर ते माणसाला एकटे गाठून विचारावे लागते. आमच्याकडे त्या वेळी घरची पाच माणसे, एक दिवा आणि ऐकणारी वास्तू होती.

१२. आणखी एक गोष्ट अर्जदार भीत भीत लिहीत आहे. त्या संध्याकाळी ती घरात ‘दहा’ म्हणाली. दिवा लागलेला होता. म्हणजे वास्तूने तथास्तु म्हटलेच असणार. मग आजपर्यंत ती सुखी व्हायला हवी होती. तशी ती झालेली नाही. पहाटे म्हशीखाली बसली की अजून तिच्या कानात पाळण्याच्या साखळीचा आवाज येतो, जी साखळी कधी बांधलीच गेली नाही. यावरून एक तर वास्तू ऐकत नाही, किंवा वास्तूला खरे काय ते माहीत आहे व तीही आमच्यासारखीच गप्प बसते. यांपैकी कोणते खरे, हे ठरवणे आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु दहा गुण कागदावर कायम राहिले तर ते तिच्या मुलीच्या विरुद्ध पुरावा होतील असे तिला वाटते. त्या कागदावर मुले एक, समाधान दहा. जणू ती आलीच नव्हती, आणि गेली तरी कोणाचे काही बिघडले नाही.

१३. शेवटच्या गुरुवारी, म्हणजे तो शेवटचा आहे हे माहीत नसताना, संजीवनी मॅडमनी निघताना विचारले होते, “नाव काय ठेवलं असतं तिचं?” अर्जदार म्हणाली, “पुढच्या गुरुवारी सांगते.” नाव नव्हते असे नाही. सातव्या महिन्यात तुरीची डाळ निवडताना तिने ते ठरवले होते आणि कोणालाच सांगितले नव्हते, कारण नाव ठेवण्याचा मान आत्याचा, काजलचा. पण तोंडातून पहिल्यांदा काढायचे तर ते नीट काढावे, बाहेर मॅडमची एसटी थांबलेली असताना घाईत नको, असे तिला वाटले. तेवढ्यासाठी ती आठवडा थांबली. सदर नाव या अर्जात लिहिलेले नाही. अर्ज टपालात पडेल, त्यावर शिक्का बसेल, बाबूजी उघडतील, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. ते नाव पहिल्यांदा कोणाच्या तरी कानात पडावे, एवढीच अर्जदाराची इच्छा आहे.

१४. वरील मजकूर लिहून झाल्यावर अर्ज पूर्ण झाला होता. परंतु एक बाब नव्याने घडली, ती जोडणे आवश्यक आहे.

परवा अर्जदार व मनकर्णाबाई हरभरा सोंगायला शेतात होत्या. अर्जदाराला अर्ज लिहू लागल्यापासून पेन अंबाड्यात खोचायची सवय लागली आहे. भाकरी खायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या तेव्हा मनकर्णाबाईंनी ते पेन उपसून हातात घेतले. म्हणाल्या, “काय लिवून राह्यली वं इतके दिवस? आमच्यावर केस टाकतं का?”

अर्जदार म्हणाली, “नाही हो. गुण कमी कराचा अर्ज हाय.”

“कोनाचे?”

“माहे. ते पोरगी आली होती नं शिडी घेऊन. मी दहा सांगितले होते.”

मनकर्णाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या. नाल्याकडच्या बाजूला पाहत होत्या. अर्जदार त्या बाजूला पाहत नाही, म्हणून ती त्यांच्याकडे पाहत होती. मग त्यांनी विचारले, “माहे किती लागले?”

“दहाच.”

“मंग माहेबी काट.”

अर्जदाराने विचारले, “तुमचे काऊन?”

“काऊन म्हंजे? तूच एकटी दिव्यापाशी बसली होती का?” त्या चिडल्या होत्या. चिडल्या की त्या भराभर जेवतात. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “ते गुरुवारची पोरगी परत येईन का?”

“अर्ज त्याच्यासाठीच हाय.”

“तू वजन कराले जात नाही हे मले माहीत हाय. लेकरू दर आठ दिवसाले वाढते का?” मग पेन परत अर्जदाराच्या अंबाड्यात खोचून दिले. “मले बी जाचं हाय तिथं. माहं काय हाय ते तुले नाही सांगत. तिले सांगीन.”

त्यांचे काय आहे हे अर्जदारास माहीत नाही. तिने विचारलेले नाही.

१५. सबब विनंती की,

अर्जदाराचे दहा गुण रद्द व्हावेत. त्या जागी कोणता आकडा लिहावा हे आपण ठरवावे, किंवा जागा रिकामी ठेवावी. अपत्यांच्या रकान्यात मात्र दोन असे करावे.

मनकर्णाबाई उत्तमराव वायाळ यांचेही दहा गुण त्यांच्या इच्छेनुसार रद्द व्हावेत.

गावात पुन्हा सर्वेक्षण करणे झाल्यास ते सकाळी, घराच्या हद्दीबाहेर, बाई एकटी असताना करावे. समता मॅडमनाच पाठवावे, बायांना त्या आवडल्या आहेत. शेताची वाट अर्जदार दाखवील. सरपंचांना फलक परत द्यावा लागला तर वाईट वाटेल, तरी फलक राहू द्यावा व गुरुवार द्यावा असे काही करता आले तर पाहावे.

गुरुवार मिळाल्यास संजीवनी मॅडमनी आमच्या घरच्या दोघींना वेगवेगळी वेळ द्यावी. एकत्र आत घेऊ नये. मनकर्णाबाई समोर असताना अर्जदाराला बोलता येणार नाही, आणि अर्जदार समोर असताना मनकर्णाबाई बोलणार नाहीत. एक आत असेल तेव्हा दुसरी बाहेर प्रेमला घेऊन बसेल. दाराला कान लावायचा नाही, असे दोघींचे ठरले आहे.

कळावे. उत्तर ‘नाही’ असले तरी ते लेखी यावे, ही विनंती.

गुरुवारची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
सौ. सुचिता हर्षल वायाळ

(डाव्या हाताचा अंगठा)
मनकर्णाबाई उत्तमराव वायाळ

ठिकाण : खैरदरी
दिनांक : २२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) अर्जदाराच्या आधार कार्डाची छायांकित प्रत.
२) फळ्यावरील पत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो.
३) सुभद्राबाई व शाहजादीभाबी यांनी सोबत सही देण्याचे कबूल केले होते. सुभद्राबाई नंतर म्हणाल्या की पोरांना कळले तर त्यांना वाईट वाटेल. शाहजादीभाबी म्हणाल्या की आसमाचे जमू दे, मग देते. त्यामुळे त्यांच्या सह्या जोडलेल्या नाहीत.

टीप : अंगठा घेण्यापूर्वी मनकर्णाबाईंना अर्ज वाचून दाखवणे नियमाने बंधनकारक असल्याचे अर्जदारास माहीत आहे. तिने तसे विचारले होते. त्या म्हणाल्या, “नोको वाचू. मंग तिथं जाऊन सांगाले तुह्याजवळ काय राहीन?” व अंगठा दिला.